मागं न बघता काढलेले फोटो

कॅमेऱ्याचं झाकण काढायचं राहिलं होतं, हे मला पलूसच्या पुढं कळलं. तोवर गाव मागं पडलं होतं, दिवाळी संपली होती आणि रोलही संपला होता.

निघणं नेहमीसारखंच झालं होतं. कवठे महांकाळच्या पूर्वेला, डांबरी सोडून आत गेलं की आमची वस्ती. दारात गाडी उभी. डिकीत बाजरीचं पीठ, भुईमुगाच्या शेंगा आणि कुणीही न मागितलेला एक लाल भोपळा. आईनं माझ्या कपाळाला भंडारा लावला, मग सुनंदाच्या, मग गाडीच्या बॉनेटला. "जावा आता. ऊन हुईल," म्हणून ती बाजूला झाली. मी डावीकडच्या सीटवर बसलो, कारण आमच्यात गाडी बायको चालवते. गाडी हलली तसा मी मांडीवरचा प्लॅस्टिकचा कॅमेरा उचलला, हात खिडकीबाहेर काढला, मनगटातून मागं वळवला आणि मान सरळ पुढं ठेवून खटका दाबला. कॅमेरा आत, चाकी फिरवून रोल पुढं, हात परत बाहेर, खटका. ओढा येईपर्यंत माझं हे चाललं होतं. सुनंदा समोर बघत गाडी हाकत होती. मध्ये एकदाच म्हणाली, "हात आत घ्या, बाभळ येतीय."

पलूसच्या पुढं चहाला थांबलो. शिकाऱ्यानं बंदूक ठेवावी तसा मी कॅमेरा टेबलावर ठेवला. सुनंदानं त्याच्याकडं जरा वेळ बघितलं.

"भिंग असं काळं असतं का हो?"

"काळंच दिसतं भिंग," मी समजावून सांगायला लागलो. "आत उजेड जातो ना, म्हणून..."

"आणि त्याच्यावर कंपनीचं नाव छापलेलं असतं?"

मग मी बघितलं. झाकण होतं ते. सुनंदानं चहा शांतपणे संपवला. हसली ती थेट उंब्रजला.

कॅमेऱ्याची बाजूही सांगायला हवी. हा कॅमेरा माझा नाही, आमच्या मुलीचा. अनु पुण्यात नोकरी करते. तिच्या ओळखीतल्या पोरापोरींना मोबाइलच्या लख्ख फोटोंचा कंटाळा आलाय, म्हणून ते हौसेनं वाईट फोटो काढतात. त्यासाठी खेळण्यातल्यासारखे कॅमेरे मिळतात. अंग प्लॅस्टिकचं, भिंगही प्लॅस्टिकचं. वर ढग आणि सूर्य अशी दोनच चित्रं. आभाळ बघून त्यातलं एक निवडायचं, झाली तुमची फोटोग्राफी. फटीतून उजेड आत शिरतो म्हणून चारी कडांना काळी चिकटपट्टी मारलेली. बघायचं भोक भिंगापासून वेगळं असतं, त्यामुळं झाकण तसंच राहिलं तरी तुम्हाला सगळं जग स्वच्छ दिसत राहतं. पुष्कळ जण असे फसतात म्हणे. पण मला तीही पळवाट नव्हती. मी भोकातूनसुद्धा बघत नव्हतो.

अनु तो एकदा आमच्याकडं साताऱ्यात विसरली आणि मी तो ताब्यात घेतला. पन्नाशी उलटलेल्या माणसाला एखादा छंद हवा, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. त्यांना बहुधा चालणं म्हणायचं होतं. मी पोवई नाक्यावर उभा राहून खटका दाबायला लागलो. राजवाड्यासमोरच्या भेळेच्या गाड्या, मंडईतल्या मेथीच्या जुड्या, अजिंक्यताऱ्याच्या वाटेवर सकाळी धापा टाकणारे माझ्याच वयाचे लोक. ज्या गावात निम्मं आयुष्य गेलं, त्याच्याकडं मी पहिल्यांदा पाव्हण्यासारखं बघत होतो. पाचगणीला टेबललँडवर एका कुटुंबानं आपला मोबाइल माझ्या हातात देऊन फोटो काढून घेतला, आणि माझ्या गळ्यातलं यंत्र बघून त्यातल्या बाईनं प्रेमानं विचारलं, "काका, नातवाचा आहे का?" मी हो म्हणालो. समजावून सांगण्यापेक्षा नातू पत्करला.

साताऱ्यात आता हे रोल धुऊन मिळत नाहीत. आमच्या ओळखीच्या स्टुडिओवाल्यानं रोल हातात घेतला आणि जुना मित्र भेटल्यासारखा तोंडभर हसला. मग म्हणाला, "धुणारं कोण राहिलं न्हाई, साहेब. अंधाऱ्या खोलीत आता माझ्या भावाचा इन्व्हर्टर आहे." त्यामुळं रोल कुरिअरनं पुण्याला, अनुकडं. ती तो कुठंतरी देणार, मग तिला सवड मिळेल तेव्हा फोटो परत. काय आलं हे कळेपर्यंत त्या रस्त्यावर नवा खड्डा पडलेला असतो. आणि येतं ते असं: कडेला काळोख, मधेच तांबडा फराटा, घरं किंचित वाकलेली. एकदा चाकी फिरवायची राहिली, तर कराडच्या संगमावर कृष्णा-कोयनेच्या पाण्यात मंडईतली मेथी उगवली होती. अनुला तोच फोटो सगळ्यांत आवडला. मला मात्र तिचं पहिल्या दिवशीचं वाक्य आवडलं होतं. मी डोळा बारीक करून नेम धरत होतो, तर ती म्हणाली, "बाबा, ह्याच्यात बघायचं नसतं. नुसतं दाबायचं."

बघायचं नसतं. हे मी आयुष्यात दुसऱ्यांदा ऐकत होतो.

आमच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या मेंढरं. दिवाळी झाली की आबा, म्हणजे माझे वडील, कळप घेऊन पश्चिमेला निघायचे. तासगाव, मग कृष्णाकाठ, मग कराडच्या अंगाला ऊस तुटलेल्या रानांत मेंढरं बसवायची, खताच्या बदल्यात धान्य घ्यायचं, असं करत पार साताऱ्याच्या डोंगरापर्यंत. मृगाच्या आत परत. त्या निघण्याचा एकच कायदा होता: मागं बघायचं नाही. पुढं चालणाऱ्यानं मान वळवली की पहिलं मेंढरू थबकतं, ते थबकलं की दुसरं वळतं, आणि मग सगळा कळप घराकडं तोंड करून उभा राहतो. त्याला पुन्हा वाटेला लावता लावता ऊन डोक्यावर येतं. त्यामुळं निघताना कुणी हाक मारायची नाही आणि जाणाऱ्यानं वळायचं नाही.

मी शिकायला कराडला निघालो तेव्हा माझ्यामागं एकही मेंढरू नव्हतं. एक पत्र्याची ट्रंक होती, आणि ट्रंक वळून बघत नाही. तरी आईनं भंडारा लावून तेच सांगितलं, "सदा, मागं बघू नगंस." आबा फाट्यापर्यंत आले. एस्टी आल्यावर म्हणाले, "पाव्हण्यागत ऱ्हाऊ नगं, मेंढरागत ऱ्हा. मान खाली घालून चरायचं." मी मान खाली घालून डिप्लोमा केला आणि साताऱ्याच्या एमआयडीसीत एका कारखान्याच्या स्टोअरमध्ये चिकटलो, तो चिकटलोच.

लोक परदेशी जातात, बर्फात मराठी मंडळ काढतात. आमचं स्थलांतर म्हणजे सांगली जिल्ह्यातून सातारा जिल्ह्यात. कुणाला सांगायचीही सोय नाही. आबा तर ह्याला जाणं मानायलाच तयार नव्हते. "सातारा? आवं, माझी मेंढरं चालत जात्यात तितं," असं ते माझ्या सासऱ्यांना लग्नाच्या बैठकीत म्हणाले होते. त्यांचा सातारा वेगळा होता. त्यात विहिरी होत्या, उतरायची झाडं होती, ओळखीचे रानमालक होते. माझ्या साताऱ्यात पार्किंग आहे, सोसायटीची मीटिंग आहे, तिसरा मजला आहे. पण खरा फरक दुसराच. आबा दर वर्षी जायचे आणि दर वर्षी परत यायचे. मी एकदाच गेलो, आणि तेव्हापासून नुसता भेटायला येतो.

आबा गेले, मेंढरं विकली. धाकटा भाऊ बिरू गावात आहे, त्यानं डाळिंबं लावली आहेत. आई त्याच्याजवळ राहते. तिला आम्ही एकदा साताऱ्याला आणलं होतं. तिनं तिसऱ्या मजल्याच्या गॅलरीत उभं राहून बघितलं, आणि म्हणाली, "हितं वारं बी वळसा घालून येतंय." अमावस्येच्या आत परत गेली. तेव्हापासून मी दर खेपेला विचारतो, "आई, येतीस का?" आणि ती म्हणते, "मी हितं बरी हाय. तुमी जावा."

'मी बरी हाय' हे वाक्य फार सोयीचं असतं. जे गाव सोडून गेलेत त्यांना सांगायला नको. आपण ते ऐकतो, डिकी लावतो आणि निघतो. मीही तेच करायचो. पण दोन वर्षांपासून आईचा गुडघा धरलाय, ती अंगणात काठी टेकत चालते, आणि माझ्या डोक्यात एक किडा शिरला. मी निघालो की आई काय करते? इतक्या वेळा त्या दारातून निघालो, पण निघतानाचं तिचं तोंड मी एकदाही बघितलेलं नव्हतं. कायदा होता ना. ती रडत असेल, तर 'बरी हाय' खोटं, आणि मग वारं वळसा घालून येवो की सरळ, तिला साताऱ्याला आणायलाच हवं. आणि रडत नसेल, तर? तर ते आणखीच वाईट, असं माझ्यातल्या थोरल्या मुलाला वाटत होतं.

बिरूला एकदा फोनवर आडून विचारलं, "आमी निघाल्यावर आई काय करती रं?"

"काय करणार?" बिरू म्हणाला. "तुमी हाय तवर तिला येळ कुठं असतुया? शेळीला पाला टाकत आसंल. मी तर तुमच्या आदी बागंत जातुया, दादा. तुमी सात म्हणून धाला निघताय."

मान वळवून बघावं, हा सरळ उपाय होता. करवेना. पन्नाशीत माणूस देव बदलेल, पण आईनं कपाळाला भंडारा लावून सांगितलेलं मोडवत नाही. अशात अनुचं ते वाक्य आलं आणि माझी ट्यूब पेटली. मी बघणार नाही. कॅमेरा बघेल. कायद्यात कॅमेऱ्याबद्दल काही नव्हतं. अशा रीतीनं त्या दिवाळीला मी झाकणाच्या आतल्या बाजूचे फोटो काढले.

संक्रांतीला परत गेलो. ह्या वेळी आईनं कॅमेरा नीट बघितला. मोबाइलनं तिचा फोटो काढायला गेलं की ती पदर तोंडावर ओढते. "फोटू काढला की माणूस भितीवर जातंय" असं तिचं मत, आणि आमच्या घरातली भिंत बघता ते खोटंही नाही. पण हे यंत्र तिनं हातात घेऊन हलवलं, वाजवून बघितलं.

"खेळण्यातला हाय व्हय रं?"

"व्हय. अनुचा हाय."

"मग बरं हाय," ती म्हणाली. "म्हातारपणी खेळतूस तरी. ल्हानपणी न्हाई कवा खेळलास."

निघताना तेच सगळं. भंडारा, बॉनेट, ह्या वेळी तिळाच्या वड्या. मी सीटवर बसलो तर सुनंदानं गाडी सुरू करायच्या आधी माझ्यापुढं तळहात पसरला.

"काय?"

"झाकण द्या."

मी दिलं. तिनं ते पर्समध्ये टाकलं आणि पहिला गिअर टाकला.

इथं सुनंदाच्या गाडी चालवण्याबद्दल सांगतो, कारण आमच्या घरातला तो जुना विनोद आहे. तिचे वडील कराडजवळचे, मिलिटरीत ड्रायव्हर होते. त्यांनी तिला जीप शिकवली. मीही शिकलो होतो. पण उंब्रजच्या बाजूला माझ्या हातातली गाडी उसात शिरली आणि उसातून बाहेर यायला ट्रॅक्टर लागला, तेव्हापासून मी डाव्या सीटवर बसून सूचना देतो. हायवेवर सुनंदा ट्रकला मागं टाकते. पण आमच्या दारापासून ओढ्यापर्यंत ती जी गाडी चालवते, तिला चालवणं म्हणता येणार नाही. पहिला गिअर, आणि ब्रेकवर पाय. मी म्हणायचो, "बैल जुंपू का?" ती म्हणायची, "रस्ता खराब आहे." मग दोन वर्षांमागं रस्ता सिमेंटचा झाला. गाडीचा वेग तोच. "आता काय?" म्हटलं, तर म्हणाली, "सवय." मी हे पाव्हण्यारावळ्यांत पुष्कळदा सांगून हशा मिळवलाय.

त्या दिवशीही गाडी तशीच निघाली. माझा हात बाहेर, मान पुढं. खटका, चाकी, खटका. ओढा आला, रस्ता वळला, सुनंदानं दुसरा गिअर टाकला आणि आम्ही निघालो.

रोल पुण्याला गेला. अनुला सुट्टी नव्हती, मग फोटोवाला लग्नाला गेला होता, मग कुरिअर शेजाऱ्यांकडं पडून राहिलं. रोज संध्याकाळी आईला फोन व्हायचा, "बरी हाय" ऐकायचो, आणि आत कुठंतरी वाटायचं की आपल्याकडं एक पुरावा तयार होतोय. पाकीट आलं ते रविवारी दुपारी. सुनंदा टेबलाशी मटार सोलत होती. मी पाकीट फोडलं.

पहिल्या फोटोत माझं कोपर. दुसऱ्यात निम्मं कोपर आणि आमचं दार. ओट्यावर कुणी नाही. म्हणजे आत गेली, शेळीला पाला टाकायला. तिसऱ्यात तांबडा फराटा, धूळ, आणि धुळीत कुणीतरी बाई. मला वाटलं, वस्तीवरची कुणी असेल. चौथा फोटो चष्मा पुसून बघितला.

आई होती. आमच्या गाडीच्या मागं, रस्त्याच्या मधोमध चालत होती. डोक्यावरचा पदर वाऱ्यानं मागं गेला होता. रडत नव्हती. तोंडावर कसलाही भाव नव्हता, होतं ते काम. आणि काठी. अंगणात जी काठी ती टेकत चालते, ती आता टेकलेली नव्हती. दोन्ही हातांत आडवी धरलेली होती, पोटासमोर, दोन्ही टोकं बाहेर.

ती आडवी काठी मी ओळखली. कळप निघायचा तेव्हा जी बाई मागं घरी राहणार, ती सगळ्यांच्या शेवटी चालायची, काठी अशी आडवी धरून, कोकरं मागं फिरू नयेत म्हणून. ओढा आला की कळप पाण्यात उतरायचा आणि ती थांबायची. हाक नाही, निरोप नाही. तिथून एकटी परत. शाळेमुळं आम्ही पोरं ज्या वर्षी घरी राहिलो, त्या वर्षी आई अशीच आबांच्या मागं गेली होती. परत आली आणि चुलीपुढं बसली. मी तेव्हा विचारलं होतं, "रडलीस व्हय?" ती म्हणाली होती, "कळप हाकताना कोण रडतंय का? ध्यान तिकडं आसतंय."

पुढच्या फोटोतही ती होती, जरा मागं. त्याच्या पुढच्यात ओढ्याची कड, आणि त्या कडेला पाय जुळवून थांबलेली.

तर तुम्ही जे गेलात आणि तुम्ही जे राहिलात, त्या सगळ्यांना सांगतो. इतकी वर्षं मला कुणी "गाव कोणतं" विचारलं की डोळ्यांपुढं घर यायचं, ओटा यायचा, आबांची पगडी यायची. आता माझं गाव म्हणजे दारापासून ओढ्यापर्यंतचा तो रस्त्याचा तुकडा. त्यावरून मी दर खेपेला पाठमोरा गेलो, आणि मला वाटत राहिलं की मी स्वतःहून चाललोय.

मी फोटो सुनंदापुढं सरकवला. एका आईचं एवढं मोठं गुपित उघडं केल्यासारखा माझा चेहरा असणार. "बघ," म्हटलं. "आई आपल्यामागं चालत येते. ओढ्यापर्यंत."

सुनंदानं मटाराची शेंग फोडली, दाणे भांड्यात टाकले आणि मग बघितलं.

"छान आलाय," ती म्हणाली. "आरशात इतक्या मोठ्या दिसत नाहीत."

मला समजायला जरा वेळ लागला. गाडी चालवणाऱ्यासमोर आरसा असतो, हे उसात शिरलेला माणूस विसरून गेला होता.

"तुला माहीत होतं?"

"दर खेपेला येतात."

"मग सांगितलं का नाहीस कधी?"

"त्यांनी सांगितलं का तुम्हाला? सांगायचं असतं तर शेजारून चालल्या असत्या." तिनं पुढची शेंग उचलली. "आणि तो रस्ता कधी खराब नव्हता हो. त्या चालत येतात, आणि आता तर गुडघाही दुखतो. गाडी मेंढरांच्या चालीनं नेली, तरच त्यांना हाकता येतं आपल्याला."